तीन लाखांची काळी पूड

देवगडात आमची हापूसची साठेक कलमं. वाशी मार्केटात कर्नाटकचा आंबा देवगडच्या नावाने पेटीत बसलेला दिसला की मी दलालाशी भांडतो. 2018 साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा घरात शिरा केला होता. तोच मी, एका बाटलीवरचं लेबल वाचून तीन लाख देऊन बसलो. सांगायला लाज वाटते, पण तीच मंडळी आता दुसऱ्या गावात हॉल घेतायत असं कानावर आलं, म्हणून लिहितोय.

माणूस ओळखीतूनच आला, मेहुण्याच्या मित्राचा मित्र. रत्नागिरीच्या एका हॉटेलात चहा-वडे, पडद्यावर चित्रं, विषय ग्राफीन. त्याने सांगितलं त्यातलं बरंच खरं होतं, आणि घात तिथेच झाला. 2004 साली मँचेस्टर विद्यापीठात गाइम आणि नोवोसेलोव्ह यांनी चिकटपट्टीने ग्राफाइट सोलत सोलत कार्बनचा एका अणूइतका पातळ पापुद्रा वेगळा केला, तेच ग्राफीन, आणि 2010 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. घरी मुलीने मोबाइलवर तपासलं, अक्षर न अक्षर बरोबर. मग पुढचंही बरोबरच असणार असं मी धरून चाललो. म्हणे त्यांचा कारखाना ग्राफीन बनवतो, त्यापासून होड्यांना लावायचा गंजरोधक रंग होणार, आणि शेअर बाजारात यायच्या आधी आम्हाला शेअर स्वस्तात. खाऱ्या हवेत पत्र्याची आणि खिळ्यांची काय दशा होते ते आम्हाला कोणी सांगायला नको.

‘‘गुणवत्तेचं काय?’’ असं मी विचारलं होतं, एवढं श्रेय मला द्या. त्याने फ्रेम केलेलं आयएसओ 9001 प्रमाणपत्र पुढे केलं, सोबत ग्राफीनच्या पुडीची बाटली भेट. बायको म्हणाली, ‘‘वरचो थर बघून पेटी कोण घेता हो?’’ मी ऐकलं नाही.

गणपतीला भाचा आला. तो मुंबईत भौतिकशास्त्रात पीएचडी करतो. फ्रेमचा फोटो बघून हसला. 9001 हे कारखान्याची कामाची पद्धत नीट आहे का याचं प्रमाणपत्र. बाटलीत काय आहे, त्याबद्दल ते एक शब्द बोलत नाही. शिवाय आयएसओ म्हणजे मानकं ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था, ती स्वतः कोणालाच प्रमाणपत्र देत नाही, ते बाहेरच्या संस्था देतात, आणि त्या संस्थेलाही वरून मान्यता आहे का ते बघायचं असतं. आमच्या फ्रेमवरच्या संस्थेचं नाव मान्यताप्राप्तांच्या यादीत सापडलंच नाही.

पूड तो घेऊन गेला आणि तिची रामन चाचणी केली. लेझर मारतात, परत येणाऱ्या प्रकाशाचा आलेख काढतात. आलेखातल्या एका शिखराच्या आकारावरून थर मोजके आहेत की ढीगभर, याचा अंदाज येतो. आमच्या पुडीचा आलेख सरळ ग्राफाइटचा निघाला, म्हणजे पेन्सिलीच्या शिशात असतं ते. दहा थरांपर्यंतच ग्राफीन म्हणायचं, त्यापुढे ग्राफाइट. एक मिलिमीटर जाड ग्राफाइटमध्ये असे सुमारे 30 लाख थर असतात, हे त्याने सांगितलं तेव्हा माझे तीन लाख मला फारच थोडे वाटले.

आमचंच नशीब फुटकं असंही नाही. 2018 मध्ये संशोधकांनी जगभरच्या 60 उत्पादकांचा माल तपासला, तर बहुतेकांत ग्राफीन दहा टक्क्यांहूनही कमी निघालं. म्हणून या धंद्यात पैसे घालणाऱ्याने फ्रेम बघू नये. 2021 पासून ग्राफीनची पूड कशी तपासायची यासाठी आयएसओ/टीएस 21356-1 नावाची पद्धत आहे. तिच्याप्रमाणे त्याच बॅचचा अहवाल मागा, एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचा. नमुना स्वतः गोणीतून उचला, त्यांच्या बाटलीतला नको. खरा उत्पादक चिडत नाही, रंगवाल्या कंपन्या त्याला हेच विचारत असतात.

पैशाच्या बाजूलाही मी आंधळाच. प्रायव्हेट कंपनीला असं हॉल भरवून शेअर विकता येत नाहीत. शेअरचे पैसे आपल्या बँक खात्यातूनच जावे लागतात आणि 60 दिवसांत शेअर मिळाले नाहीत तर परत यायला हवेत. मी एक लाख रोख दिले होते, पावतीवर ‘सल्ला शुल्क’ लिहिलंय. वाशीच्या दलालाच्या हिशेबपट्टीतला दहा रुपयांचा फरक पकडणारा मी, ती पावती घडी घालून खिशात ठेवली.

पोलिसांत तक्रार दिली आहे. मेहुणा अजून बोलत नाही. बाटली मात्र परवा कामी आली. पेट्यांच्या खोलीचं कुलूप खाऱ्या हवेने धरलं होतं, भाच्याने फोनवर सांगितलं म्हणून चिमूटभर पूड आत फुंकली. चावी लोण्यासारखी फिरली.