बँक, हौसिंग फायनान्स की सोसायटी? बेळगावात घराचं कर्ज काढताना

मावसभाऊ उद्यमबागेत कामाला आहे, पगार खात्यावर येतो, आणि त्याला येळ्ळूर रोडला एक बांधलेलं घर पसंत पडलंय. किंमत ३२ लाख, कर्ज पाहिजे २५ लाख. त्याच्यासाठी मोठी बँक, हौसिंग फायनान्स कंपनी (बँक नसलेली, घरकर्ज देणारी कंपनी) आणि गल्लीतली सोसायटी, म्हणजे सहकारी पतसंस्था, असं तिन्हीकडं फिरून झालं, आणि माझं तर मत असं झालंय की आपल्याकडं व्याजदराचा प्रश्न नंतरचा, पहिला प्रश्न उताऱ्याचा. कोण कर्ज देणार हे तुमचे कागदच ठरवतात की.

आधी हातातल्या पैशाचं बोलतो. कर्ज ३० लाखापर्यंत असेल तर बँक किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देऊ शकते, त्याच्यावर ७५ लाखापर्यंत ८० टक्के. पण रजिस्ट्रीचा खर्च त्यात धरत नाहीत. कर्नाटकात ५ टक्के स्टॅम्प ड्यूटी, वर सेस-सरचार्ज, आणि ऑगस्ट २०२५ अखेरपासून रजिस्ट्रेशन फी १ ची २ टक्के झाली, म्हणजे ३२ लाखाच्या घराला अडीच लाखाच्या आसपास हे वेगळेच. वरचे ७ लाख मिळून साडेनऊ लाख रोख तयार पाहिजेत. भावाला वाटायचं सात लाखात काम होईल, तिथंच पहिला घाम फुटला.

आता बँक. दर तिघांत सगळ्यात कमी. ८.५ टक्के धरला तर २५ लाखाला २० वर्षाचा हप्ता २१,६९६ येतो. हौसिंग फायनान्सचा ९.५ धरला तर २३,३०३. महिन्याला सोळाशेचा फरक बघून काय वाटत नाही, पण २० वर्षात तो पावणेचार लाखाच्या वर जातो. ऑक्टोबर २०१९ पासून मोठ्या बँकांचं नवीन फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराचं कर्ज रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं पैसे देते तो) बाहेरच्या दराला बांधलेलं असतं आणि तीन महिन्यातून एकदा तरी दर नव्यानं ठरवावाच लागतो. हौसिंग फायनान्सला ही सक्ती नाही, त्यांचा स्वतःचा पीएलआर, म्हणजे मूळ दर असतो आणि तो कधी हलवायचा हे त्यांच्या मर्जीवर. माझं स्वतःचं कर्ज २०१८ पासून अशाच एका कंपनीत आहे. रेपो ४ वरून ६.५ ला गेला तेव्हा माझ्या कर्जाचे महिने गुपचूप वाढले, हप्ता तोच, म्हणून मला पत्ताच नाही. आणि २०२५ मध्ये रेपो सव्वा टक्का खाली आला तर माझा दर होता तिथंच, शेवटी अर्ज केला, कन्व्हर्जन फी (दर बदलून घ्यायची फी) भरली, मग कुठं उतरला. तेव्हा सही करायच्या आधी विचारा, दर कशाला बांधलाय आणि खाली येणार तो आपोआप की मागितल्यावर.

पण बँक कागद बघते, आणि लई बघते. ग्रामपंचायतीतलं घर असेल तर ई-स्वत्तूचा (पंचायतीच्या मिळकतींची ऑनलाइन नोंद) फॉर्म ९ आणि ११ए, म्हणजे कायदेशीर मिळकतीचा उतारा लागतो. ११बी, म्हणजे रीतसर मंजुरी नसलेल्या मिळकतीचा उतारा असेल तर बहुतेक मोठ्या बँका हात वर करतात. शहरात ई-खाता (महापालिकेचा ऑनलाइन उतारा), वर बोजा नसल्याची ईसी, एनएची (जमीन बिगरशेती केल्याची) ऑर्डर, मंजूर प्लॅन. आमच्या घराचा जुना कागद १९५६ च्या आधीचा, मुंबई राज्यातला, म्हणून मराठीत, त्याच्या पुढचे सगळे कन्नडात आणि बँकेचा फॉर्म इंग्रजीत, वकिलानं तिन्ही समोर ठेवून एक आडनाव जुळवायला अर्धी दुपार घालवली. कन्नड वाचता येत नसेल तर लाजू नका, वाचणाऱ्याला शेजारी बसवून ओळ न् ओळ वाचून घ्या.

हौसिंग फायनान्सचा खरा उपयोग पगाराची स्लिप नसलेल्यांना. लेथचं दुकान, दूध, टेम्पो असलं उत्पन्न ते येऊन बघतात, बँकेला मात्र दोन-तीन वर्षाचे आयटीआर (इन्कमटॅक्सचे रिटर्न) पाहिजेत. दर जास्त लागतो ते त्यासाठीच. पण ज्याला पगार आहे त्यानं नुसतं "आठवड्यात सँक्शन" म्हणतात म्हणून तिकडं जायचं हे मला पटत नाही.

सोसायटी आपली. चेअरमन ओळखीचे, दोन जामीनदार आणा, शेअर रक्कम कापून घेतात, काम झालं. ११बी असो की रजिस्ट्री न करता नुसत्या बाँड पेपरवर घेतलेला प्लॉट, कुठं कुठं चालूनही जातं, आणि मला भीती त्याचीच वाटते, कारण जो कागद बँकेला नको तो उद्या तुमच्याकडून घेणाऱ्यालाही नको असणार. दुसरं, दर सांगताना फ्लॅट, म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवरच व्याज, असा सांगतात का ते बघा. ५ लाख ५ वर्षाला ९ टक्के फ्लॅट म्हणजे व्याज सव्वादोन लाख, हप्ता १२,०८३. तेच ९ टक्के घटत्या शिलकीवर, म्हणजे फेडायच्या राहिलेल्या रकमेवर असेल तर हप्ता १०,३७९ आणि व्याज सव्वा लाखाच्या आत. म्हणजे तो "९ टक्के" खरा पावणेसोळाच्या आसपास पडतो! शिवाय बँक आणि हौसिंग फायनान्सला फ्लोटिंग घरकर्जावर मुदतीआधी फेडल्याचा दंड लावता येत नाही, सोसायटीवर रिझर्व्ह बँकेचे हे नियमच लागू नाहीत, त्यांचे पोटनियम बघावे लागतात. घर दुरुस्तीला दोन-चार लाख लागले तर सोसायटी चांगली, अख्ख्या घराला नको.

अजून एक, पंतप्रधान आवास योजना (पीएमएवाय) शहरी २.०. घरातलं वर्षाचं उत्पन्न ९ लाखापर्यंत, घर ३५ लाखापर्यंत, कर्ज २५ लाखापर्यंत आणि कुटुंबाच्या नावावर देशात कुठंही पक्कं घर नसेल तर व्याजात १.८० लाखापर्यंत सबसिडी पाच हप्त्यात मिळू शकते. घर शहरात किंवा प्लॅनिंग एरियात पाहिजे. भाऊ यात बसतो, म्हणून बँकेकडं अजून एक पारडं झुकलं.

मुदतीचं म्हणाल तर त्याच २५ लाखाला २० ऐवजी १५ वर्ष घेतली तर हप्ता २४,६१८, म्हणजे २,९२२ नं जास्त, पण एकूण व्याज पावणेआठ लाखानं कमी. भाऊ २० चंच घेणार म्हणतोय आणि दिवाळीचा बोनस मुद्दलात टाकणार म्हणतोय. टाकला तर छानच. पहिल्या हप्त्यातले १७,७०८ नुसते व्याजाला जाणार, मुद्दल फक्त ३,९८८ नं उतरणार, हे त्याला कागदावर लिहून दाखवलं तेव्हा चहा तसाच राहिला. आणि टॅक्स वाचतो म्हणून कर्ज मोठं घेऊ नका, इन्कमटॅक्सच्या नवीन पद्धतीत स्वतः राहायच्या घराच्या व्याजाची सूट मिळत नाही.

ओरिजिनल कागद कुठंही देताना यादी करून सही-शिक्क्यासह पोच घ्या. कर्ज फिटल्यावर बँक आणि हौसिंग फायनान्सनं ३० दिवसात कागद परत द्यायचे, त्यांच्यामुळं उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. भावाची फाईल सध्या बँकेच्या वकिलाकडं आहे, विकणाऱ्याकडं फॉर्म ११ए आहे म्हणतात, पण अजून कुणी डोळ्यानं बघितलेला नाही, म्हणून इसार दिलेला नाही.