मृग ते हस्त: कुबट वास, एक भिंत आणि डीह्युमिडिफायर

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला दमटपणा ओढून त्याचं पाणी करणारं मशीन, घरी आलं आणि आता ऑक्टोबर संपत आलाय. रत्नागिरीतला अख्खा पावसाळा ते आमच्या बेडरूममध्ये चाललं, म्हणून आता लिहायला बसले. घेण्याआधी मी जे अनुभव वाचले ते बहुतेक आठ-पंधरा दिवसांच्या वापराचे होते. या वस्तूची परीक्षा आषाढात होते, त्याआधी काही सांगण्यात अर्थ नाही.

मशीन कंप्रेसरवर चालणारं आहे, दिवसाला १२ लिटर क्षमतेचं, अडीच लिटरच्या टाकीचं. किंमत साडेसोळा हजार पडली. खोली १२ बाय ११ फुटांची, दुसऱ्या मजल्यावर, खिडकी पश्चिमेला. भिंती जांभ्याच्या, आतून-बाहेरून गिलावा केलेल्या. जांभा सच्छिद्र असतो, पाणी पितो आणि लवकर सोडत नाही. त्यात पश्चिमेची झड थेट अंगावर घेणारी भिंत.

पण मशीनचं सांगण्याआधी वासाचं सांगायला हवं. तो नीट ओळखता आला नसता तर हे पैसे वाया गेले असते.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये मी दहा दिवस सांगलीला माहेरी होते. परत आले, बेडरूमचं दार उघडलं आणि दारातच थांबले. ओल्या पोत्यासारखा, टोपलीत दोन दिवस राहिलेल्या अळंबीसारखा वास. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "कसला वास? मला तर काहीच येत नाही." आई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "पावसाळ्यात घराला असा वास असतोच गं." दोघंही खरं बोलत होते. नाक एका वासाला काही मिनिटांतच सरावतं आणि त्याची नोंद घेणं सोडून देतं. मलाही तासाभराने काही येईना. त्या दिवसापासून एक सवय लावून घेतली आहे: बाहेरून आलं की चपला काढताना मनाशी विचारायचं, आत्ता काय वास आला? पहिले चार-पाच श्वास खरं सांगतात, नंतरचे नाही.

अळंबीची आठवण उगाच आली नव्हती. बुरशी वाढताना हवेत उडून जाणारी काही रसायनं सोडते. त्यांतल्या एकाला 'मशरूम अल्कोहोल' असंच नाव आहे, कारण अळंबीचा वास त्याचाच. दुसरं जिओस्मिन. पहिल्या पावसात मातीला जो सुगंध येतो तो मुख्यतः याचाच, आणि कनौजमध्ये मातीचं अत्तर काढतात त्यातही तोच. या रसायनाला हे नाव मिळालं १९६५ साली. माणसाचं नाक त्याच्या बाबतीत विलक्षण तीक्ष्ण असतं, हवेत नावापुरतं असलं तरी कळतं. मृगाच्या सरीबरोबर अंगणात आलेला हा वास हवाहवासा वाटतो. त्याच जातीचा वास कपाटाच्या मागून, तेही बंद खोलीत आला, तर तिथे कुठेतरी ओल आहे आणि त्या ओलीवर काहीतरी जगतंय असं समजावं.

घरातल्या इतर वासांशी मात्र याची गल्लत होते. मोरीच्या जाळीतून येणारा वास कुजक्या अंड्याच्या वळणाचा असतो. जाळीखालच्या वाकड्या नळीत पाणी उरलं नाही की गटाराची हवा वर येते, तांब्याभर पाणी ओतलं की थांबते. मेलेली पाल किंवा उंदीर असेल तर वास गोडसर-कुजका असतो, रोज वाढतो आणि मग आपोआप विरतो. एसी लावल्यावर पहिली पाच मिनिटं न धुतलेल्या मोज्यांसारखा वास आला तर घाण एसीच्या कॉइलवर आहे. बुरशीचा वास यांच्यासारखा अंगावर धावून येत नाही. तो खाली, कोपऱ्यात, कापडात बसून असतो आणि झडीच्या दिवशी जड होतो. ऊन पडलं की जवळजवळ नाहीसा होतो.

इथेच आम्ही फसलो. गेल्या दिवाळीत खिडक्या उघडल्या, उन्हं आली, वास गेला आणि विषय संपला असं सगळ्यांनी धरलं. सुकलेली बुरशी मरत नाही, थांबून राहते. त्याआधीच्या वर्षी एका रंगाऱ्याने भिंतीवरचे काळपट ठिपके खरवडून वर प्रायमर आणि दोन हात रंग मारून दिला होता. तेव्हा भिंत देखणी झाली. दुसऱ्या पावसाळ्यात त्याच जागी तेच ठिपके रंगाच्या वर उमटले. आतलं पाणी कुठून येतं हे त्याने पाहिलं नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

या वर्षी वळवाचे दोन मोठे पाऊस मेमध्येच झाले तेव्हा मी ठरवून शोध घेतला. खोलीचं दार-खिडकी सहा तास बंद ठेवली, पंखा बंद, डांबरगोळ्या आणि कापूर बाहेर. मग आत जाऊन गुडघ्यांवर बसून भिंतीच्या कडेकडेने वास घेत गेले. पलंगाखाली काही नाही. खिडकीखाली थोडा. प्लायवूडच्या कपाटाच्या डाव्या फटीशी नाक नेलं आणि मागे सरकले. कपाट भिंतीला चिकटवून उभं केलेलं, मध्ये बोटभरही जागा नाही. चौघांनी ते ओढलं. मागची प्लाय करड्या-हिरव्या मखमलीने भरलेली होती आणि तळाशी हात लावला की ती वह्यांच्या पुठ्ठ्यासारखी सुटत होती. त्या कपाटात माझ्या लेकीचे कपडे असायचे. तिचा पावसाळी खोकला तीन वर्षं आम्ही हवेवर ढकलत होतो. खोकल्याचं कारण हेच होतं असं मी म्हणणार नाही, ते डॉक्टरांनी ठरवायचं. पण ते कपडे बघून मला फार वाईट वाटलं.

भिंतीवर खालच्या अंगाला पांढरी पूडही होती. तो लोणा, भिंतीतले क्षार. त्यावर पाणी शिंपडलं की तो विरघळतो आणि त्याला वास नसतो. बुरशी पाण्याने विरघळत नाही. लोणा मात्र एक खूण देतो: पाणी भिंतीच्या आतून येतंय.

ते पक्कं करण्यासाठी स्वयंपाकघरातल्या फॉइलचा हातभर तुकडा भिंतीवर दोन ठिकाणी चारही बाजूंनी टेप लावून दोन दिवस चिकटवला. खोलीच्या बाजूने दव धरलं तर हवेतला दमटपणा, भिंतीच्या बाजूने ओलं झालं तर भिंतीतलं पाणी. आमच्याकडे खिडकीजवळचा तुकडा भिंतीच्या बाजूने ओला निघाला आणि कपाटाच्या वरच्या अंगाचा खोलीच्या बाजूने. म्हणजे दोन वेगळ्या तक्रारी होत्या आणि त्यांतल्या एकीवरच मशीन चालणार होतं. हा भेद जून उजाडण्याआधी कळला याचं मला अजून समाधान वाटतं.

खिडकीवरच्या छज्ज्याच्या सांध्यात केसाएवढी भेग होती. ती फोडून भरून घेतली आणि बाहेरून जलरोधक लेप दिला. पाऊस सुरू व्हायच्या आत हे झालं. कपाटाची मागची प्लाय काढून टाकली आणि कपाट आता भिंतीपासून चार इंच पुढे उभं आहे.

साफसफाई आम्ही दोघांनी केली. एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, चष्मा, आणि लेकीला दिवसभर शेजारी पाठवलं. कोरडं खरवडायचं नाही, बीजाणू, म्हणजे बुरशीचे बियांसारखे बारीक कण, घरभर उडतात. आधी भिंत ओली केली, कपडे धुण्याच्या पावडरच्या पाण्याने पुसली, फडकी पिशवीत बांधून थेट कचऱ्यात टाकली, मग दोन दिवस पंखा लावून भिंत सुकवली. ब्लीच वापरलं नाही. ब्लीचने डाग पांढरा होतो, पण सच्छिद्र गिलाव्यात खोलवर पोचतं ते त्यातलं पाणी, आणि बुरशीला पाणीच हवं असतं. कुणी वापरणारच असेल तर ब्लीचमध्ये संडास धुण्याचं ॲसिड किंवा अमोनिया असलेलं काहीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा एक आडाखा मला उपयोगी वाटला: साधारण १० चौरस फुटांपर्यंतचा डाग घरी साफ करता येतो, त्याहून मोठा असेल तर जाणकाराला बोलवावं. आमचा डाग त्याच्या आत होता. घरात दम्याचं किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं माणूस असेल तर त्याने या कामाच्या जवळपासही राहू नये.

एक जाता जाता. २०२१ मध्ये 'काळी बुरशी' या आजाराच्या नावाने सगळ्यांना हादरवलं होतं. भिंतीवर काळा डाग दिसला की आईंना अजून तेच आठवतं. त्या आजाराला काळी म्हणतात ते रोग्याच्या मेलेल्या पेशी काळ्या पडतात म्हणून. भिंतीवर काळपट दिसणाऱ्या बुरशा सहसा वेगळ्याच असतात. त्यांची ॲलर्जी होते, दमा चाळवतो, म्हणून त्या काढायच्याच, पण ती भीती मनात घेऊन नको.

आता मशीन. आर्द्राच्या पावसात रोज संध्याकाळी खोलीत ८७-८८ टक्के आर्द्रता असायची. दार-खिडकी लावून मशीन सुरू केलं की चार तासांत ६०च्या आसपास येते. त्याखाली आणण्याच्या फंदात मी पडत नाही. बुरशीला रोखायला ६०च्या आत राहिलं तर पुरतं, आणि भर आषाढात ५०चा आकडा गाठायला मशीन रात्रभर धापा टाकतं. खिडकी उघडली की दीड-दोन तासांत आकडा परत ८०च्या वर. म्हणजे हे बंद खोलीचं मशीन आहे. हॉलमध्ये ठेवून घर कोरडं होईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

'१२ लिटर' हा आकडा ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रतेत चोवीस तास चालवल्यावरचा असतो. आम्ही आठ तास चालवतो. जुलैमध्ये त्यातून अडीच ते तीन लिटर पाणी निघायचं, सप्टेंबरात दीड. पुष्य नक्षत्रातल्या एका रात्री पहाटे चारला टाकी भरून मशीन बंद पडलं आणि सकाळी आकडा ७९. दुसऱ्या दिवशी मागे नळी लावून ती बाथरूमच्या मोरीत सोडली, तेव्हापासून हा त्रास नाही. हे पाणी पिण्याचं नाही. मी त्याने फरशी पुसते.

वीज दिवसाला दोन युनिटच्या आत लागते, महिन्याला ५५ युनिट धरा. खोली दोनेक अंशांनी गरम होते, कारण मशीनची उष्णता खोलीतच राहते. जुलैमध्ये ती ऊब बरी वाटते, ऑक्टोबरच्या उकाड्यात नको होते. आवाज जुन्या फ्रिजपेक्षा मोठा. लेक त्यात झोपते, मला नाही जमत, म्हणून मी एरवी रात्री दहाला बंद करते. माझी खरी तक्रार एकच. लाईट जाऊन आली की मशीन आपोआप सुरू होत नाही. कोकणातल्या पावसाळ्यात ही मोठी उणीव आहे. घेताना हे विचारून घ्या, मी विचारलं नव्हतं.

सोबत चारशे रुपयांचा ह्युमिडिटी मीटर घेतला आणि तो मशीनपेक्षा जास्त शिकवून गेला. मशीनवरचा आकडा खऱ्यापेक्षा सहाने कमी दिसत होता. तपासायची रीत सोपी आहे: बाटलीच्या झाकणात मीठ, त्यात चिखल होईल इतकंच पाणी, आणि ते मीटरसोबत हवाबंद डब्यात रात्रभर. आत ७५ टक्के दिसायला हवं. माझा मीटर ७३ दाखवत होता, म्हणून मी दोन मिळवून वाचते. हाच मीटर दोन दिवस कपाटाच्या मागे ठेवला तेव्हा कळलं की खोलीत ६२ असताना तिथे ७४ असतात. भिंत खोलीपेक्षा थंड, तिथे हवा खेळत नाही, म्हणून तिच्यालगत दमटपणा जास्त.

पावसाळ्यात ओले कपडे घरात वाळत घालण्याला पर्याय नाही, आणि एका धुण्यातून लिटर-दीड लिटर पाणी हवेत जातं. आता कपडे त्याच खोलीत दोरीवर टाकून मशीन लावते. सहा-सात तासांत जीनसुद्धा वाळते आणि कपड्यांना तो आंबूस वास येत नाही. हा फायदा जाहिरातीत खालच्या ओळीत असतो, माझ्या मते तो वर हवा. आई सांगतात, त्यांच्या माहेरी चुलीवर दोरी बांधून कपडे सुकवत. कौलांच्या फटींतून वाफ जायची आणि चुलीची ऊब घरभर असायची. आमच्या सरकत्या काचांच्या घरात ती वाफ जायला वाट नाही.

कपाटात ठेवायचे, ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे मी तीन आणले होते. बंद कपाटात चांगले चालतात, खोलीसाठी निरुपयोगी. डब्यात साचलेलं पाणी खारट आणि चिकट असतं, एक डबा कलंडला आणि खालच्या खणातली कातडी पर्स खराब झाली. ते सर्वांत खालच्या कप्प्यातच ठेवा.

पाचपैकी चार गुण देते. एक गुण लाईट गेल्यावर बंद राहण्याचा कापला. भेग भरली नसती तर दोनसुद्धा दिले नसते.

हस्ताचा पाऊस गेला तसं मशीन पुसून, फिल्टर धुऊन, टाकी उन्हात उलटी करून ठेवली आहे. कपाटामागची भिंत स्वच्छ आहे, दर रविवारी टॉर्च लावून बघते. पण परवा सांगलीहून परत आले तेव्हा पॅसेजमध्ये, बाथरूमच्या भिंतीलगत, तोच अळंबीचा वास पुसटसा आला. मशीन तिथे लावून उपयोग नाही. आतून जाणाऱ्या नळाचा सांधा असावा. दिवाळी झाली की तिथल्या दोन टाईल काढायला गवंडी यायचा आहे.