शिवलेल्या ब्लेझरवर मोत्याचे टॉप्स: सोलापुरात कोणता जोड घ्यावा?

ऑफिसला रोज घालायला मोत्यांचा एकच जोड घ्यायचा असेल, तर गोड्या पाण्यातल्या कल्चर्ड (म्हणजे शिंपल्यांची शेती करून पिकवलेल्या) मोत्यांचा, ७ मिलिमीटरचा, मागून चपटा ‘बटण’ जोड ९२५ चांदीच्या दांडीवर घ्यावा. बाजारात ऑफिसच्या कपड्यांसाठी म्हणून पाच प्रकार पुढे ठेवले जातात: बटण मोती, गोल मोती, लटकन, इमिटेशन आणि पारंपरिक कुड्या. मापात शिवलेल्या कपड्यांवर रोजच्या रोज निभावून नेणारा त्यांतला हाच. बाकीच्यांपैकी कुणाला कॉलर नडते, कुणाला ऊन, कुणाला हेल्मेट.

आधी माप. काउंटरवरच्या ट्रेमध्ये ९ किंवा १० चा मोती नेहमीच जास्त देखणा वाटतो. पण व्यास थोडा वाढला तरी मोत्याचं वजन झपाट्याने वाढतं. ७ मिलिमीटरचा गोल मोती साधारण अर्ध्या ग्रॅमचा, ९ चा एक ग्रॅमचा आणि ११ चा जवळजवळ १.९ ग्रॅमचा भरतो. डोळ्याला दोनच मिलिमीटर जास्त, कानाच्या पाळीवर वजन दुप्पट. आठ-नऊ तासांत मोठा मोती पाळी ओढतो, पुढे झुकतो आणि त्याचं तोंड जमिनीकडे जातं. भोक लांबलेलं असेल तर जेवणाच्या सुट्टीपर्यंतच. शिवाय ब्लेझरच्या सरळ, कडक रेषांवर मोठा मोती लग्नाला निघाल्यासारखा दिसतो. ६ च्या खाली गेलं तर टेबलापलीकडून तो नुसता पांढरा ठिपका वाटतो. चेहरा नाजूक असेल तर ६.५, भरलेला असेल तर ७.५. त्यापुढे नको.

बटण मोत्याची बाजू का घ्यायची? ७ चा बटण मोती पाळीपासून पाचेक मिलिमीटरच पुढे येतो. गोल मोती पूर्ण ७ येतो आणि तो ज्यात बसवतात ती धातूची वाटी वेगळी. बटण पाळीला टेकून बसतो, फोन कानाला लावला तरी टोचत नाही. निर्दोष गोल मोती कमी निघतात म्हणून त्यांना भाव जास्त, पण कानात घातल्यावर मागचा चपटेपणा कुणालाच दिसत नाही. तोच पैसा पाण्यावर, म्हणजे मोत्याच्या चमकेवर घाला. पाणी बघायला मोती दुकानाच्या स्पॉटलाइटखालून काढून दारापाशी, सावलीतल्या उजेडात न्या. मोत्यात दाराच्या चौकटीची कड रेखीव दिसली तर मोती पाणीदार. नुसता दुधाळ डाग दिसला तर मंद. गोल मोत्यांत खाऱ्या पाण्यातला अकोया चमकेला अव्वल, हे मान्यच. पण त्याच्या आत शिंपल्याचा मणी असतो आणि त्यावर मोत्याचा थर पातळ असतो. रोजच्या घामात आणि घासण्यात तो जपावा लागतो. गोड्या पाण्यातला बहुतेक माल आतपर्यंत मोत्याचाच, म्हणून रोजच्या राबत्याला तो बरा.

सगळ्यात जास्त चुकतं ते रंगात. पांढऱ्या शर्टिंगच्या कापडात निळसर झाक आणणारं ब्राइटनर असतं. अशा शर्टाशेजारी क्रीम मोती पिवळट आणि जुना दिसतो, आणि माणसाला वाटतं मोती खोटा निघाला. मोती चांगलाच असतो, जोडी चुकलेली असते. पांढरा शर्ट किंवा वकिलांचा पांढरा बँड आणि काळा कोट असेल, तर स्वच्छ पांढरा, किंचित गुलाबी झाक असलेला मोती घ्या. नेव्ही ब्लू, चारकोल, बॉटल ग्रीन या गडद ब्लेझरवर क्रीम मोती छान उबदार दिसतो. तिथे अगदी पांढरा मोती कधीकधी प्लास्टिकसारखा वाटतो. बेज आणि खाकीत क्रीम मोती हरवतो. तिथे गोड्या पाण्यातला पीच किंवा फिका जांभळा मोती बघावा. हे रंग त्याला नैसर्गिकपणे येतात. स्वस्तातला करडा किंवा काळा मोती बहुधा रंगवलेला असतो. भिंगातून भोकाची कड पाहिली की तिथे रंग गडद साचलेला दिसतो.

सोलापुरात याचा एक सोपा उपाय हाताशी आहे. गणवेश आणि तयार कपड्यांचं हे गाव, ब्लेझर शिवणारे कारागीर इथे पुष्कळ. कापड कापायला देतानाच वीतभर तुकडा मागून घ्या आणि तो घेऊनच सराफ बाजारात जा. मोती त्या तुकड्यावर ठेवून आधी उजेडात, मग ट्यूबलाइटखाली बघा. दोन्ही ठिकाणी पटला तरच घ्या. मोबाइलमधल्या फोटोवरून रंग जुळवू नका, कॅमेरा पांढरा रंग स्वतःच्या मर्जीने बदलतो.

आता कॉलर. लटकन घ्यायची इच्छा असेल त्यांनी एक मोजमाप नक्की करावं. ब्लेझर घालून, खुर्चीत ताठ बसून, पाळीच्या खालच्या टोकापासून कॉलरच्या सगळ्यात उंच भागापर्यंतचं अंतर पट्टीने मोजायचं. लटकन या अंतराच्या निम्म्यापेक्षा लांब नको. हे अंतर दोन इंच असेल तर एक इंचाच्या वर जाऊ नये. मान वळवली, खाली वाकून कागदावर सही केली की अंतर आपोआप कमी होतं, लटकन कॉलरवर आपटतं आणि हुक टेरीवूलचा धागा ओढून काढतो. खांद्यात पॅड असेल तर आणखी अर्धा इंच गेला समजा. म्हणून हे माप ट्रायलच्या दिवशीच घ्यावं, कपडा तयार होऊन घरी आल्यावर नाही. बंद गळ्याच्या कुर्त्याला किंवा जॅकेटला शिंप्याकडून गळ्याची पट्टी दीड इंचाऐवजी सव्वा इंच करून घ्या, आणि त्यात बकरम (पट्टी ताठ ठेवणारं आतलं कापड) पातळ घालायला सांगा. तेवढ्यानेही टॉप्स आणि कॉलर यांच्यामध्ये मान दिसते आणि मोती उठून येतो. गळ्याशी चमकदार सोनेरी बटणं मात्र नकोत; मॅट, कापडाच्याच रंगाची बटणं लावावीत. मोत्याची चमक मंद असते, धातूचं बटण ती खाऊन टाकतं.

दांडी आणि फिरकीकडे कुणी फारसं बघत नाही, पण जोड हरवतो तो इथेच. दाबून बसवायची पिटुकली फिरकी हेल्मेट काढताना निघून येते. उन्हाळ्यात पारा ४२ च्या पुढे जातो, तेव्हा दुचाकीवरून जाताना तोंडाला स्कार्फ घट्ट गुंडाळल्याशिवाय इलाज नसतो, आणि स्कार्फ सोडताना टॉप्स त्यातच अडकून जातो. आट्यांची फिरकी घ्या. मागची चकती ८ ते १० मिलिमीटरची असू द्या, म्हणजे मोती पुढे झुकत नाही. दांडी फार लांब नको. हेल्मेटच्या आतल्या गादीने ती कानामागे रुतते आणि तासाभरात तिथे वळ उठतो. लांब अंतर असेल तर सरळ टॉप्स काढून डबीत टाका आणि ऑफिसात पोहोचल्यावर घाला. डबी पर्समध्ये ठेवा. उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डिकीत कधीच नको: मोत्यात थोडं पाणी आणि सेंद्रिय द्रव्य असतं, सततच्या कोरड्या उष्णतेने तो तडकू शकतो, आणि गोंदही ढिला होतो.

या गोंदाबद्दल थोडं सविस्तर. टॉप्सचा मोती दांडीवर चिकटवलेला असतो. मोत्याला अर्धं भोक पाडतात, वाटीतून वर आलेली सुई त्यात बसवतात आणि दोन भागांचा इपॉक्सी भरतात. मोती निखळतो त्याची कारणं ठरलेली: सुई भोकापेक्षा बारीक, सुई आखूड, किंवा सुई अगदी गुळगुळीत. सुई मोत्यात निदान अर्ध्यापर्यंत जायला हवी, आणि तिला पीळ किंवा खाचा असायला हव्यात, म्हणजे गोंद धरतो. विकत घेताना मोती दोन बोटांत धरून अलगद फिरवून पाहा. जरा जरी हलला तरी जोड परत ठेवा. निखळलेला मोती घरी चटकन चिकटणाऱ्या गोंदाने लावू नका. तो सांधा ठिसूळ राहतो आणि गोंदाच्या वाफेने मोत्यावर पांढरी पुटं चढतात. सराफाकडून भोकातला जुना गोंद साफ करून घ्या, नवा इपॉक्सी भरा आणि २४ तास जोड कानात घालू नका. सराफाला हेही बजावून सांगा, की मोती दागिने धुण्याच्या अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये टाकायचा नाही. सोन्याला ते मशीन चालतं, मोत्याला नाही.

इमिटेशनबद्दल फार बोलण्यासारखं नाही. नवी पेठेत किंवा जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या गड्ड्यावर शे-दीडशेत मिळणारा जोड काचेच्या किंवा प्लास्टिकच्या मण्यावर रंग चढवलेला असतो. मुलाखतीच्या एका दिवसापुरता तो ठीक. घाम, सेंट आणि सॅनिटायझरने भोकाभोवतीचा रंग आधी सुटतो, आणि दांडीत निकेल असेल तर पाळी खाजते, चिघळते. खरा-खोटा ओळखायला मोती दाताच्या कडेवर हलके घासा. खरा बारीक रवाळ लागतो, खोटा गुळगुळीत. या परीक्षेत कल्चर्ड आणि नैसर्गिक असा फरक मात्र कळत नाही. दोन्ही रवाळच लागतात.

कुड्यांचं म्हणणं वेगळं. सात-आठ मोत्यांचा घोस आणि मधोमध लाल खडा, असा हा दागिना कॉलरच्या शर्टावर आणि ब्लेझरवर गर्दी करतो. तारेने गुंफलेला असल्यामुळे स्कार्फमध्येही अडकतो. पण इरकल किंवा साधी सुती साडी, त्यावर लांब बाहीचं, नीट बेतलेलं ब्लाउज, असा पेहराव असेल तर कुडीसारखं दुसरं काही नाही. बँकेत, शाळेत, जिल्हा परिषदेत ती पूर्ण अधिकाराने शोभते. फक्त गळ्यात मग मोती नको, आणि कुडी लहान आकाराची निवडा.

ज्यांचं हैदराबादला जाणं-येणं आहे, त्यांनी चारमिनारजवळच्या पत्थरगट्टीतून सुटे मोती आणून सोलापुरात दांडीवर बसवून घ्यावेत. हैदराबादी म्हटले जाणारे मोती हैदराबादला पिकत नाहीत. शहर व्यापाराचं, आणि गोड्या पाण्यातला आजचा बहुतेक माल चीनचा. तिथे ‘अर्ध्या भोकाचा जुळता जोड’ असंच मागा. माळेतल्या मोत्याला आरपार भोक असतं, टॉप्समध्ये बसवल्यावर ते समोरून दिसतं. दोन्ही मोती शेजारी ठेवून माप, झाक आणि पाणी तिन्ही ताडून पाहा. बरेचदा माप जुळतं आणि झाक जुळत नाही.

रोजची निगा साधी आहे. तयारीत मोती सगळ्यात शेवटी घालायचा, पावडर-सेंट सुकल्यावर. घरी आल्यावर सगळ्यात आधी तोच काढायचा आणि ओलसर मऊ सुती कापडाने पुसायचा. घाम आम्लधर्मी असतो आणि मोती कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणून हे पुसणं चुकवू नका. लिंबू, चिंच, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नका. हवाबंद पिशवीपेक्षा मऊ कापडात गुंडाळून ठेवलेला बरा, आणि सोन्या-हिऱ्यांपासून लांब, कारण मोती हिऱ्याच्या मानाने खूपच मऊ, आणि इतर दागिन्यांच्या कडांनीही त्याला चरे पडतात.

दांडी सोन्याची करायची असेल तर बिल डोळ्यांत तेल घालून वाचा. २ ग्रॅमपेक्षा हलक्या सोन्याच्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, आणि टॉप्सच्या दांड्या बहुधा त्याच्या आतच बसतात. म्हणून कॅरेट बिलावर लिहून घ्या. एकूण वजन आणि सोन्याचं निव्वळ वजन वेगवेगळं मांडायला सांगा, नाहीतर मोत्याच्या एका ग्रॅमलाही सोन्याचा भाव लागतो. पुढे जोड मोडायला नेलात तर सोन्याचे पैसे येतात, मोत्याचे सहसा नाहीत. त्यामुळे रोजच्या ऑफिससाठी चांदीची दांडी घेऊन उरलेला पैसा पाणीदार मोत्यावर घालणंच शहाणपणाचं.