कोल्हापुरी घेताय? आधी उलटी करून बघा

दुकानात कोल्हापुरी हातात आली की नजर आधी वेणी, गोंडा आणि रंगावर जाते. तिचं आयुष्य मात्र तळावर ठरतं. तेव्हा आधी चप्पल उलटी करा.

हातशिलाईच्या चांगल्या जोडाला खिळा नसतो आणि नायलॉनचा दोराही नसतो. तळाचे थर चामड्याच्याच बारीक वादीने शिवतात. हे टाके यंत्रासारखे एकसारखे नसतात, थोडे मागेपुढे असतात. तो दोष नव्हे. दोन टाक्यांमधून थर उघडे दिसत असतील तर मात्र जोड परत ठेवा.

मग कड बघा. तळाला बहुधा म्हशीचं जाड कातडं असतं. ते बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असेल तर कापलेल्या कडेवर आरपार तपकिरी दिसतं. क्रोमवर, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं आतून बऱ्याचदा निळसर-करडं असतं. वरून रंग मारून कड झाकलेली असेल तर का झाकली, हे विचारायला लाजू नका. स्वस्त मालात दोन थरांच्या मध्ये पुठ्ठा भरतात. नवा असताना तो कळत नाही, पण एका पावसात फुगतो आणि टाच पसरते. रस्त्यावर दोन-तीनशे रुपयांत मिळते ती बहुतेक रेक्झिनची. तिला नावं ठेवायचं कारण नाही, फक्त ती कोल्हापुरी म्हणून घेऊ नका.

सगळ्यात आधी दगा देतो तो कान, म्हणजे पट्टा जिथे बसतो तो बाजूचा तुकडा. तो तळाच्या दोन थरांमध्ये जाऊन शिलाईत अडकलेला हवा. चिमटीत धरून बाहेर ओढा. फट पडली तर तो नुसता चिकटवलेला आहे, उपटायला वेळ लागणार नाही.

मापात अनेक जण फसतात. पट्टा आणि अंगठा (पायाचा अंगठा घालायची वळी) वापराने सैल होतात, तळाची लांबी मात्र वाढत नाही. म्हणून लांबी अचूक घ्या आणि पट्टा जरा घट्टच घ्या. दुकानात आरामदायक वाटलेला जोड पुढे पायातून निसटतो. नवा जोड अंगठ्याच्या बेचक्यात आणि पट्ट्याच्या कडेला चावतोच. पट्ट्याला आतून एरंडेल किंवा खोबरेल तेलाचं बोट फिरवून रात्रभर ठेवा, सुरुवातीला घरातच तास-तासभर घाला. तेल थापू नका, डाग पडतात आणि कातडं लिबलिबीत होतं. पाण्यात भिजवून मऊ करायचा सल्ला तर कानाआड करा: वादी फुगते, वाळताना आकसते आणि टाके सैल पडतात.

गुळगुळीत फरशीवर चामड्याचा तळ घसरतो, हा खरा तोटा. शहरात रोज वापरायची असेल तर खाली पातळ रबर लावून घ्यायला हरकत नाही. शुद्धतावाद्यांनी नाक मुरडलं तरी चालेल. फक्त रबर चिकटवून किंवा शिवून घ्या, खिळे ठोकू देऊ नका. खिळ्याने वादी तुटते.

कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे माल मूळ कुठला ते सांगणारं भौगोलिक मानांकन २०१९ मध्ये मिळालं. त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे आहेत. म्हणजे सीमेपलीकडे बनलेली चप्पलही अस्सलच. मानांकन गाव सांगतं, टाका किती घट्ट आहे ते सांगत नाही. तो हातानेच तपासावा लागतो.

पावसाळ्यात जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, बुरशी धरते. वर्तमानपत्रात गुंडाळून हवेशीर जागी ठेवा. भिजलाच तर सावलीत वाळवा, उन्हात कातडं तडकतं. एखादा टाका तुटला की लगेच दुरुस्त करून घ्या, नाहीतर शेजारचे टाकेही सुटत जातात. वादीने पुन्हा शिवून देणारे कारागीर आता सगळीकडे नाहीत, म्हणून ती सोय आहे का, हे पैसे देण्याआधीच विचारा.