भाड्याच्या फ्लॅटमधली झुरळं: दहा महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या जूनमध्ये कोथरूडमधल्या एका जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो. टू बीएचके, भाडं २४ हजार, डिपॉझिट ७५ हजार, ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार. हवा, उजेड, पाणी, भाजीबाजार, सगळं मनासारखं. दुसऱ्याच रात्री पाणी प्यायला उठले, स्वयंपाकघरातला दिवा लावला आणि ओट्यावरून पंधरा-वीस झुरळं सिंककडे पळाली. मोरीतून येणारी मोठी लाल नव्हेत, तर बारीक, तपकिरी, मानेमागे दोन काळ्या रेघा असलेली. ही जात घरातच राहते, ट्रॉल्यांच्या फटींत वाढते.

सकाळी घरमालकांना फोन केला. "काका, झुरळं खूप आहेत हो." "अहो, आम्ही राहत होतो तेव्हा एक नव्हतं. रात्री खरकटं ठेवू नका." मला ते फार लागलं. माझी मुलगी तेव्हा सव्वा वर्षाची, जमिनीवर दिसेल ते तोंडात घालणारी. मी रोज रात्री ओटा पुसून, भांडी घासून झोपत होते.

त्या रविवारी ट्रॉल्या बाहेर काढल्या. बिजागरीच्या मागे, शटरच्या आतल्या कडेला मसुराएवढे तपकिरी ठिपके एका ओळीत चिकटलेले होते. नखाने खरवडले तर खडे निघाले. झुरळं मारायला लावतात ते वाळून गेलेलं जेल होतं. म्हणजे आमच्या आधीही कुणीतरी इथे पेस्ट कंट्रोल करून घेतलं होतं. फोटो काढले आणि काकांना पाठवून ठेवले. या दहा महिन्यांत त्या फोटोंइतकं दुसरं काहीच कामाला आलं नाही.

जुलैत स्वतःच्या पैशाने जेल मारून घेतलं, १,८०० रुपये. महिनाभर शांतता, मग पुन्हा पिल्लं. चूक माझीही होती. मादी अंड्यांची पेटी घेऊन फिरते, एका पेटीत तीस-चाळीस अंडी असतात, आणि पेटीतल्या अंड्यांवर जेल चालत नाही. ती फुटायला साधारण तीन-चार आठवडे लागतात, म्हणून दुसरा हात मारावाच लागतो. मी तो टाळला. शिवाय अधूनमधून दिसेल त्या झुरळावर स्प्रे मारत होते. जेल हे आमिष आहे. त्यावर किंवा जवळपास स्प्रे उडाला की झुरळं ते खात नाहीत. जेल घेणार असाल तर स्प्रेचा डबा घरात ठेवूच नका.

सप्टेंबरमध्ये दोन्ही हात नीट मारले, तरी दिवाळीच्या सुमारास परत. तेव्हा पेस्ट कंट्रोलच्या मुलाने सिंकखाली टॉर्च धरून दाखवलं: ड्रेनेजचा पाइप भिंतीतून डक्टमध्ये जातो तिथे दोन बोटं जाईल एवढी फट. वरच्या-खालच्या सगळ्या स्वयंपाकघरांचे पाइप त्याच डक्टमध्ये. "ताई, तुमचं घर कितीही साफ करा, रस्ता हा आहे," तो म्हणाला.

इथून पुढे प्रश्न हक्काचा झाला. माझी मावसबहीण वकील आहे. तिने जे सांगितलं ते मला सही करण्याआधी कळायला हवं होतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मधल्या कलम १४ प्रमाणे घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. हे ऐकून मी आनंदले. पण ते कलम 'भाडेकरू'साठी आहे. आमचा ११ महिन्यांचा करार लिव्ह अँड लायसन्सचा. त्यात आम्ही लायसन्सी, इझमेंट कायद्याच्या कलम ५२ खालचे परवानगीने राहणारे. आमच्या बाजूने बोलणारी मुख्य गोष्ट म्हणजे करारात काय लिहिलंय ती. आणि आमच्या करारात एजंटच्या ठरीव मसुद्यातलं एकच वाक्य होतं: अंतर्गत किरकोळ दुरुस्ती लायसन्सीने करावी. मी ते न वाचता अंगठा लावला होता.

भाडं थांबवू नका, असं तिने निक्षून सांगितलं. थांबवलं की करार मोडणारे आपण ठरतो, आणि डिपॉझिट त्यांच्या हातात असतं.

मग मी दोन पत्रं लिहिली. एक घरमालकांना, रजिस्टर्ड पोस्टाने: तारखांसह तीन वेळचं पेस्ट कंट्रोल, पावत्या, वाळलेल्या जेलचे आणि फटीचे फोटो, १५ दिवसांत उत्तराची विनंती. दुसरं सोसायटीला, पोच घेऊन. डक्ट आणि ड्रेनेजची मुख्य लाइन सामाईक, ती सोसायटीची जबाबदारी. पण सेक्रेटरी म्हणाले, "पत्र मेंबरचं लागेल." त्यामुळे काकांची सही गरजेची झाली. ते साताऱ्याहून आले, मी त्यांना सिंकखाली बसवून टॉर्च दिला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे मला माहीत नव्हतं," आणि सही केली.

डिसेंबरात सोसायटीने चारही मजल्यांच्या डक्टचं आणि खालच्या चेंबरचं पेस्ट कंट्रोल एकाच दिवशी करून घेतलं. आमची फट सिमेंटने बुजवली, मोरीला जाळी बसवली. चिकट सापळे मी ओट्याखाली ठेवते आणि दर रविवारी मोजते. नोव्हेंबरात एका आठवड्याला ३१ सापडली होती. जानेवारीत ४. गेल्या तीन रविवारी एकही नाही. काकांनी सप्टेंबरच्या खर्चाचे निम्मे पैसे भाड्यातून वळते करू दिले. जुलैचे नाही, आणि त्याबद्दल मी अजून नाराज आहे.

मे महिन्यात नवा करार आहे. त्याच्या मसुद्यात मी हे घालून घेतलंय, हवं तर तसंच्या तसं उचला:

"ताबा देण्यापूर्वी मालक स्वखर्चाने संपूर्ण पेस्ट कंट्रोल करून पावती देतील. ताबा घेतल्यापासून ९० दिवसांत उपद्रव आढळल्यास, तसेच डक्ट, ड्रेनेज किंवा भिंतीतील फटींमुळे तो केव्हाही झाल्यास, खर्च मालकाचा राहील. लेखी कळवूनही १५ दिवसांत काम न झाल्यास लायसन्सी ते करून पावतीनुसार रक्कम मासिक शुल्कातून वजा करतील."

आणि करार रजिस्टर करूनच घ्या, नोटरीवर भागवू नका. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे; नोंदणी नसेल तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. पण तेवढ्यासाठी कोर्टाची पायरी कोण चढणार? रजिस्टर झालेल्या कागदावरची तीन वाक्यं फोनवरच काम करतात.

ट्रॉलीचं खालचं शटर ओलीने फुगलंय, त्यामागे अजून एक फट आहे. काका पुढच्या आठवड्यात सुतार पाठवतो म्हणालेत. फोटो पाठवून ठेवलाय.