अर्धशिशीसाठी मॅन्युअल थेरपी : पावसाळ्यापासून आंब्याच्या हंगामापर्यंत

गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला अर्धशिशीसाठी मॅन्युअल थेरपी, म्हणजे हाताने दाबून, हलवून मानेचे स्नायू आणि मणके मोकळे करण्याचा उपचार, चालू केली, आता आंबा संपत आलाय. इतके महिने जाऊ दिल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. अर्धशिशीत एखादा महिना आपोआपच बरा जातो आणि तेव्हा जो उपचार चालू असेल त्याचं नाव होतं.

मी देवगडजवळच्या गावात शिवणकाम करते. दिवसभर मान मशिनवर वाकलेली. डोकं मात्र कॉलेजपासून उठतंय: उजव्या डोळ्यामागे ठणका, मळमळ, उजेड नको, भांड्यांचा आवाज नको. गोळी वेळेवर घेतली नाही तर दोन दिवस गेलेच.

कणकवलीच्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी मानेला हात लावण्याआधी न्यूरॉलॉजिस्टचे कागद बघितले, बीपी घेतलं, चक्कर येते का, बोलताना जीभ जड होते का, हातपाय बधिर होतात का, सगळं विचारलं. गेल्या गेल्या झोपवून मान धरणारा कोणी भेटला तर तिथून सरळ उठून यावं, असं माझं ठाम मत आहे. मान झटक्यात मोडून घेणं तर नकोच. त्यात क्वचित का होईना, मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून फाटून पक्षाघात होऊ शकतो.

मॅडमची पद्धत सावकाश आहे. उताणं झोपवून कवटीच्या मागच्या कडेखाली बोटं ठेवतात आणि स्नायू सैल पडेपर्यंत नुसता दाब धरून ठेवतात. मग वरचे मणके हळूहळू हलवतात, शेवटी खांद्यांचे स्नायू. पहिल्याच वेळी उजवीकडे दाबलं आणि कळ थेट डोळ्यामागे गेली, अगदी रोजची ओळखीची! मानेच्या वरच्या तीन नसा आणि चेहऱ्याची ट्रायजेमिनल नस यांचे संदेश मेंदूच्या बुडाशी एकाच ठिकाणी पोचतात, म्हणून असं होतं, असं त्यांनी सांगितलं. पण त्यामुळे आजार मानेतूनच निघतो असं नाही, हेही त्यांनीच बजावलं. पुष्कळांची मान अर्धशिशीचाच भाग म्हणून दुखते.

आता फरकाचं. अख्ख्या पावसाळ्यात काही जाणवलं नाही, उलट थेरपीच्या दुसऱ्या दिवशी मान अवघडायची. गणपतीच्या आधी ब्लाऊजांचा ढीग, त्यात तर डोकं सारखंच उठत होतं. दिवाळीनंतर मात्र डोकं उठल्या दिवशी कॅलेंडरवर करते त्या लाल खुणा विरळ झाल्या. मान दोन्हीकडे मोकळी वळते, रात्रीची झोप सुधारली. एकदा ठणका सुरू झाला की मात्र थेरपीने तो थांबत नाही, गोळीच लागते. एप्रिलच्या दमट उकाड्यात तर चांगलाच त्रास झाला.

याच काळात डॉक्टरांची प्रतिबंधक गोळीही चालू होती, त्यामुळे सगळं श्रेय थेरपीला देणार नाही. नॉर्वेत १०४ रुग्णांवर झालेल्या, २०१७ साली छापून आलेल्या एका चाचणीत मणक्यांचा कायरोप्रॅक्टिक उपचार (हाताने मणक्यांना झटका देण्याची पद्धत), त्याचा नकली प्रकार आणि नुसती नेहमीची औषधं असे तीन गट होते. दुखण्याचे दिवस तिन्ही गटांत कमी झाले, पण खऱ्या आणि नकली उपचारात फरक दिसला नाही. ती पद्धत माझ्या थेरपीहून वेगळी, तरी हे वाचून मी अपेक्षा बेताची ठेवली. मानेचा आराम खरा आहे, त्यासाठी मी जात राहीन.

मला सर्वांत मोठा फायदा झाला तो मॅडमच्या एका प्रश्नामुळे: महिन्यात किती गोळ्या घेता? साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्याला १५ किंवा जास्त दिवस, ट्रिप्टान (अर्धशिशीची खास गोळी) १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांना विचारून ते प्रमाण खाली आणलं.

लांबून येणाऱ्यांनी एवढं करा: डोकं उठलेलं असेल त्या दिवशी एसटीने वळणं घेत जाऊ नका, फोन करून वेळ बदलून घ्या. घरचे व्यायाम लिहून आणा. हनुवटी आत घेण्याचा व्यायाम मी मशिनवरून उठले की करते, त्याला पाच मिनिटंही लागत नाहीत.