साठवलेली दाढीची क्रीमं आणि साबण: काही महिने वापरून झाल्यावर

दाढीचं सामान जमवायची खोड लागली की एक प्रश्न कधी ना कधी पडतोच: हे सगळं संपेपर्यंत टिकणार का? माझ्या कपाटात सवलतीत घेतलेल्या, भेट आलेल्या आणि ‘हा वास परत मिळेल न मिळेल’ म्हणून उचललेल्या वस्तूंचा चांगलाच ढीग झाला होता. गेले कित्येक महिने नवीन काही न घेता हाच साठा आळीपाळीने वापरतोय. त्यात कडक साबणाच्या वड्या आहेत, मऊ साबणाच्या डब्या आहेत, ट्यूबमधली क्रीमं, थोडी ब्रशलेस (ब्रशशिवाय थेट हाताने लावायची) क्रीमं आणि फोमचे डबे. काही वस्तू अलीकडच्या, काही खोक्याचा रंग उडण्याइतक्या जुन्या.

निकाल आधीच सांगून टाकतो. साबणाचा फेस मरायच्या कितीतरी आधी त्याचा वास मरतो, आणि क्रीम बिघडायच्या आधी त्यातलं पाणी उडतं. खोक्यावरच्या तारखेपेक्षा झाकण किती घट्ट बसतं याला जास्त महत्त्व आहे.

कडक, ट्रिपल मिल्ड (रुळांमधून पुन्हापुन्हा दाबून घट्ट केलेल्या) वड्यांबद्दल तर माझी काळजीच मिटली. दाढीच्या साबणाचा मुख्य भाग म्हणजे स्टिअरिक आम्ल या मेदाम्लाचे पोटॅशियम आणि सोडियम क्षार. स्टिअरिक आम्ल संपृक्त असल्यामुळे हवेतल्या ऑक्सिजनला सहज दाद देत नाही. त्यात वडीत पाणी कमी आणि पीएच ९ ते १०च्या आसपास, म्हणजे वडी अल्कधर्मी, त्यामुळे जंतूंनाही तिथे फारसं सुख नाही. साठ्यातली सर्वांत जुनी वडी उघडली तेव्हा ती आक्रसून वाटीतून सुटली होती, हलवली की खडखड वाजायची. वरचा थर पिवळट, कोरडा, मधोमध केसासारखी बारीक भेग. पहिल्या दिवशी ब्रश नुसता वरून घसरत राहिला. जो काही फेस आला तो पातळ होता, मोठ्या बुडबुड्यांचा, आणि एक गाल होईपर्यंत बसून गेला. दुसऱ्या दिवशी वडीवर कोमट पाणी ओतून अंघोळ उरकेपर्यंत तशीच ठेवली. नंतर ते पाणी फेकून ब्रश फिरवला तर वरचा थर पिठूळ होऊन निघायला लागला. तो धुऊन टाकला. त्याखालचा पांढराशुभ्र साबण मात्र दाट, चकाकणारा फेस द्यायला लागला, वस्तऱ्यालाही नव्या वडीइतकाच निसरडा. घाई असेल तर वरचा थर चाकूने खरवडला तरी चालतं.

हाताने बनवलेल्या, तेलांची रेलचेल असलेल्या साबणांचं तसं नाही. त्यांत त्वचेला मऊपणा यावा म्हणून थोडं तेल मुद्दाम साबण न होऊ देता शिल्लक ठेवलेलं असतं. ते तेल असंपृक्त असेल तर कालांतराने खवट होतं. माझ्या अशा एका वडीवर नारिंगी ठिपके उमटले होते. हात लावला तर ठिपक्याच्या जागी किंचित चिकट, आणि वास बाटलीच्या तळाशी राहून गेलेल्या जुन्या तेलाचा. लोखंड आणि तांब्याचे अंश ही प्रक्रिया वाढवतात, म्हणून बरेच उत्पादक असे धातू बांधून ठेवणारं ईडीटीए साबणात घालतात. घटकांच्या यादीत ते किंवा टोकोफेरॉल, बीएचटी यांसारखं अँटिऑक्सिडंट दिसलं की मी ती वडी निर्धास्त मागे ठेवतो. नसेल तर ती आधी संपवायची. ठिपक्यांच्या वडीने फेस होत होता, पण तो वास नाकाखाली घेऊन दाढी करण्यात काही मजा नाही. टाकून दिली.

आता सुगंध. लिंबूवर्गातले वास सगळ्यांत आधी दगा देतात. त्यांतलं लिमोनीन हे सुगंधी द्रव्य पटकन उडतं आणि हवेशी संयोग पावून बदलतं. ही गोष्ट नुसत्या हौसेची नाही, कारण ऑक्सिडेशन झालेलं लिमोनीन आणि लिनालूल (असंच आणखी एक सुगंधी द्रव्य) काहींच्या त्वचेला ॲलर्जी करतात. जुन्या साबणाने अचानक चुरचुरायला लागलं तर वस्तऱ्याआधी याच्यावर संशय घ्यावा. चंदन, पॅचुली, देवदार असले जड वास मात्र माझ्याकडे छान टिकलेत, दोन साबणांत तर ते उलट जास्त मुरल्यासारखे वाटतात. व्हॅनिला असलेला साबण तपकिरी पडला तरी घाबरायचं कारण नाही, तो व्हॅनिलिनचाच गुण आहे. मेन्थॉलचा गारवा मात्र कमी होतो, आणि सैल झाकणाची मेन्थॉलची डबी शेजारच्या साबणांनाही आपला वास चिकटवते. तिला वेगळ्या खणात हाकलली आहे.

क्रीममध्ये पाणी आणि ग्लिसरीन भरपूर, त्यामुळे इथे वेष्टनच सगळं ठरवतं. माझं मत स्पष्ट आहे: साठवायचीच असेल तर धातूची ट्यूब. दाबली की दबलेलीच राहते, बाहेरची हवा आत ओढत नाही. प्लास्टिकची ट्यूब सोडली की फुगते आणि ओल्या तोंडाजवळची हवा, कधी पाण्याचा थेंबही, आत घेते. धातूच्या ट्यूबला एक पथ्य आहे. अल्कधर्मी साबण ॲल्युमिनियमला खातो, म्हणून तिला आतून लाखेचा थर दिलेला असतो. ट्यूब पुन्हापुन्हा उलटसुलट दुमडली की तो थर तडकू शकतो आणि घडीवर चीरही पडते. तळापासून एकाच दिशेने गुंडाळत जायची, झालं.

जुन्या ट्यूबमधून आधी पिवळसर पाणी आलं की लोक घाबरून ती फेकतात. उष्णतेने क्रीम थोडी फुटते, एवढंच. झाकण लावून ट्यूब बोटांनी चांगली मळली की बहुतेक वेळा ती परत एकजीव होते. नाही झाली किंवा वास आंबूस, कुबट आला तर मात्र चेहऱ्याला लावायची नाही.

रुंद तोंडाच्या डब्या मला साठवणीसाठी आवडत नाहीत. बंद असेपर्यंत ठीक, पण उघडली की ओला ब्रश आत बुचकळायचा मोह होतो आणि त्याबरोबर पाणी, केस, मृत त्वचा सगळं आत जातं. वर लगेच झाकण लावलं की बुरशीची सोय झाली. मी कोरड्या चमच्याने बदामाएवढी क्रीम वाटीत काढतो. मऊ साबणाच्या डबीत ब्रश फिरवावाच लागतो, पण नंतर तिचं झाकण रात्रीपर्यंत उघडं ठेवतो.

ब्रशलेस क्रीम म्हणजे खरं तर मलम. पीएच साबणापेक्षा खाली, पाणी खूप, म्हणून सगळी मदार संरक्षकांवर. हिच्या बाबतीत मी तारीख पाळतो. उघड्या डबीच्या चित्रात ‘१२ एम’ लिहिलेलं असतं ते उघडल्यापासूनचे महिने. युरोपीय संघाच्या नियमात न उघडता ३० महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या सौंदर्यप्रसाधनाला शेवटची तारीख छापावी लागत नाही, हे चित्र पुरतं. त्यामुळे तारीख दिसली नाही म्हणून माल जुना असा अर्थ काढू नका.

फोमचे डबे मी यापुढे साठवणार नाही. आतला माल चांगलाच असतो, पण एका डब्यातला वायू झिरपून गेला आणि उरलेलं पातळ पाणी बाहेर पडलं. दुसऱ्याचा तळ गंजून फळीवर न निघणारी कडी उमटली. शिवाय हे डबे ५० अंश सेल्सिअसच्या वर तापू द्यायचे नसतात, म्हणजे जागा शोधणं आलंच.

जागेचं म्हणाल तर न्हाणीघरात फक्त चालू वस्तू. बाकीचं सगळं अंधाऱ्या, कोरड्या कपाटात, मूळ वेष्टनातच. ग्लिसरीन जास्त असलेले साबण दमट हवेत घामेजतात, त्यांना वरून प्लास्टिकची पिशवी बांधलीय. फ्रिजची गरज मला एकदाही भासली नाही. तिथून बाहेर काढलं की वर दव धरतं, ते आणखी वेगळं निस्तरावं लागतं. आता कपाटात लिंबूवर्गाच्या दोन ट्यूब पुढच्या रांगेत आहेत, ब्रशलेस त्यांच्या मागे, आणि कडक वड्या पार तळाशी.